पस्तीस मिनिटांची तासिका, चाळीस मुलं : वर्ग कामाला कसा लावायचा

वर्ग शांत आहे म्हणजे मुलं शिकताहेत असं नाही. फळ्यावरचं उतरवून घेणं, मान डोलावणं आणि ‘समजलं का?’ला एका सुरात ‘होऽऽ’ म्हणणं ही तिन्ही कामं डोकं बाजूला ठेवून करता येतात. दुसरी-तिसरीपर्यंत मुलं त्यात तरबेज झालेली असतात. म्हणून ‘हल्लीच्या मुलांना अभ्यासाची गोडीच नाही’ असं म्हणण्याआधी एका तासिकेची मोजदाद करा.

हजेरीपटातून सहा मुलं निवडा : दोन नेहमी हात वर करणारी, दोन मधली, दोन कधीच न बोलणारी. कागदावर सहा ओळी आणि सात रकाने आखा. दर पाच मिनिटांनी प्रत्येकापुढे एक खूण करायची. मूल स्वतः काही सोडवत, लिहीत, मोजत किंवा सांगत असेल तर बरोबरची खूण, नुसतं ऐकत किंवा उतरवत असेल तर आडवी रेघ, यातलं काहीच नसेल तर शून्य. शिकवता शिकवता हे जमत नाही, त्यामुळे मोकळी तासिका असलेल्या सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. ४२ खुणांपैकी बरोबरच्या खुणा बहुतेक पहिल्या दोन मुलांच्या ओळीतच गोळा झालेल्या दिसतील. उरलेल्या चौघांना त्या ३५ मिनिटांत करायला काही नव्हतंच.

धड्याचं नियोजन लिहायची टाचण वही उघडली की याचं कारण सापडतं. ‘शिक्षक कृती’च्या रकान्यात दहा ओळी असतात आणि शेजारच्या ‘विद्यार्थी कृती’त ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’. हे वाक्य टाचणातून काढून टाका. त्याजागी मुलाच्या हाताला किंवा तोंडाला काम देणारं क्रियापद हवं : लिहितील, मोजतील, क्रम लावतील, शेजाऱ्याला सांगतील, चूक शोधतील. गोडी आधी आणि काम नंतर असा क्रम बहुतेक मुलांच्या बाबतीत नसतो. काम हातात येतं, ते जमतं, आणि मग ते पुन्हा करावंसं वाटतं. ‘मोठं होऊन काय व्हायचंय?’ छापाची भाषणं स्नेहसंमेलनाला ठीक आहेत, मंगळवारच्या पाचव्या तासिकेला त्यांचा उपयोग होत नाही.

इथे दिलेल्या रीती पाचवी ते नववीच्या वर्गासाठी आहेत. मुलं साधारण ४० धरली आहेत. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण असलं, तरी एखाद्या तुकडीत ४५ मुलं असतातच.

आधी कारण बघा

लक्ष न देणारी सगळी मुलं एकाच कारणाने लक्ष देत नाहीत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

सगळ्यात आधी शरीर. शेवटच्या बाकावर स्वतः बसा आणि फळा वाचा. खिडकीच्या उजेडाने फळ्याचा एक कोपरा नेहमी चकाकतो आणि तिथली मुलं वर्षभर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात. एखादं मूल पुढे बसवल्यावर आठवड्यात बदललं, तर ते नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी लिहून ठेवा, आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. सकाळच्या शाळेत दुसऱ्या-तिसऱ्या तासिकेला पेंगणारं मूल बहुधा काही न खाता आलेलं असतं. त्याला रागावून काही होत नाही.

दुसरं कारण म्हणजे मागचं न येणं. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात जास्त लपवलं जातं. सातवीच्या मुलाला भागाकार येत नसेल तर शतमानाच्या तासाला तो खोड्या काढेल, कारण ‘मस्तीखोर’ म्हणवून घेणं ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा बरं. हे शोधायला धडा सुरू करण्याच्या आदल्या दिवशी पाच प्रश्नांची चिठ्ठी द्या. वेळ ८ मिनिटं, गुण नाहीत. दोन प्रश्न या धड्याला लागणाऱ्या आधीच्या घटकाचे, दोन त्याच्याही मागच्या इयत्तेचे, एक दोन इयत्ता खालचा. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा : चार-पाच बरोबर, दोन-तीन बरोबर, एक किंवा शून्य. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांची वाचनपातळीही तपासा. मुलांना कितपत वाचता येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी चढण वापरली तर एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. गणिताची अडचण म्हणून जे दिसतं, ते पुष्कळदा शाब्दिक उदाहरण वाचताच न येणं असतं.

तिसरं कारण भीती किंवा परकेपणा. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, गडचिरोलीतलं माडिया किंवा गोंडी बोलणारं, नंदुरबारातलं पावरी किंवा भिली बोलणारं मूल वर्गात गप्प असलं तर त्याला विषय येत नाही असं धरू नका. जोडीत त्याच्या भाषेत बोलू द्या, उत्तर मराठीत लिहायला सांगा, आणि त्या धड्यातले आठ-दहा नवे मराठी शब्द चित्रासह भिंतीवर लावा. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाऊन मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलांचं तसंच. पहिल्या दिवशी त्यांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. बुडालेल्या घटकांतलं पुढे ज्याच्यावाचून अडतं तेवढंच एका पानावर काढा, एक जोडीदार नेमून द्या, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना जमेल असं एक काम रोज द्या.

‘कंटाळा’ हे कारण चौथं. इतर तीन तपासून झाल्यावरच ते खरं माना.

तासिकेची मांडणी

वेळापत्रकातली ३५ मिनिटं प्रत्यक्षात ३० असतात. मागचे सर निघणार, वह्या बाहेर येणार, कोणी पाणी प्यायला गेलेलं असणार. ही गळती पहिल्या चार मिनिटांत होते, म्हणून तिथेच काम ठेवा.

वर्गात शिरताच फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहा (मागच्या तासिकेला लिहवून ठेवता आले तर उत्तम) : एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. मुलांनी बसताक्षणी वहीच्या मागच्या पानावर उत्तरं लिहायची, बघून नाही, आठवून. आठवून काढण्याने जितकं टिकतं तितकं पुन्हा वाचण्याने टिकत नाही, हे २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी प्रयोगात दाखवलं होतं. तुम्ही हजेरी घेईपर्यंत मुलांचं लिहून झालेलं असतं. प्रश्न सोपे हवेत, वर्गातल्या बहुतेकांचे तीनपैकी दोन तरी बरोबर यायला हवेत. सुरुवातीलाच अवघड कोडं टाकून ‘उत्सुकता निर्माण’ करण्याची हौस मागच्या बाकांना पहिल्याच मिनिटाला बाहेर काढते.

नंतर आठ-दहा मिनिटं शिकवणं, पण सलग नाही. चार-पाच मिनिटांचा एक तुकडा, मग सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून दाखवायचा एक प्रश्न, मग दुसरा तुकडा. त्यानंतर पाच मिनिटं जोडीने एक उदाहरण आणि आठ-नऊ मिनिटं एकट्याने काम. एकट्याच्या कामात तुम्ही खुर्चीत बसायचं नाही आणि फळ्याजवळ उभंही राहायचं नाही. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांच्या बाकांपासून फेरी सुरू करा. शेवटची तीन मिनिटं जाता जाता चिठ्ठी : पाठकोऱ्या कागदाचा चौथा हिस्सा, एक प्रश्न, नाव आणि उत्तर. दारात उभं राहून गोळा करा. ४० चिठ्ठ्या तीन गठ्ठ्यांत लावायला पाच-सात मिनिटं लागतात, आणि उद्याच्या तासाला काय करायचं ते त्यातून आपोआप ठरतं.

काम किती अवघड असावं? शिकवतानाच्या प्रश्नांना वर्गाची सुमारे ८० टक्के उत्तरं बरोबर येत असतील तर पातळी योग्य आहे, असं बराक रोझेनशाइन यांनी प्रभावी शिक्षकांच्या निरीक्षणांवरून मांडलं आहे. उत्तरं ९५ टक्क्यांवर गेली तर मुलं झोपतात आणि ६० च्या खाली आली तर हात सोडतात. एकट्याच्या कामासाठी दहा उदाहरणं असतील तर पहिली चार सगळ्यांना जमतील अशी ठेवा. सुरुवात जमली की मूल बाकावर टिकतं.

प्रश्न विचारण्याची रीत

इथे थोडा जास्त वेळ घालवणं योग्य ठरेल, कारण खर्च काही नाही आणि फरक दुसऱ्याच दिवशी दिसतो.

नेहमीची रीत अशी असते : ‘सांग रे आदित्य, परिमिती म्हणजे काय?’ नाव आधी आलं की उरलेली ३९ मुलं सुटली. क्रम उलटा करा. प्रश्न, मग थांबणं, मग नाव. थांबायचं म्हणजे मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं पाचपर्यंत मोजायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. मुलाचं उत्तर आल्यावर लगेच ‘बरोबर’ न म्हणता तसंच तीन सेकंद थांबण्याचाही तितकाच उपयोग होतो. मूल पुढे ‘कारण...’ असं स्वतःहून जोडतं. सुरुवातीला ही शांतता शिक्षकालाच खुपते. मुलांना सांगून टाका : ‘मी मुद्दाम थांबणार आहे, तोवर हात वर करायचा नाही, विचार करायचा.’

नाव कोणाचं घ्यायचं हे हातांवर सोडू नका. आइस्क्रीमच्या ४० काड्यांवर हजेरी क्रमांक लिहा, डब्यात ठेवा, काडी काढा. निघालेली काडी पुन्हा डब्यातच टाकायची. ती बाजूला ठेवली तर ‘आपली पाळी झाली’ म्हणून ते मूल उरलेला तास मोकळं होतं. काड्यांमुळे घाबरणाऱ्या मुलांसाठी एक नियम करा : काडीचा प्रश्न विचारण्याआधी जोडीदाराशी ३० सेकंद बोलायला मिळतं. म्हणजे निदान जोडीदाराचं मत तरी सांगता येतं.

‘नाही येत’ असं उत्तर आलं तर तिथे खणत बसू नका आणि सोडूनही देऊ नका. ‘ठीक, मी तुझ्याकडे परत येते’ म्हणा, दुसऱ्या दोघांना विचारा, आणि खरोखर परत या : ‘आता या दोघांपैकी तुला कोणाचं पटलं, आणि का?’ आठवडाभरात वर्गाला कळतं की ‘नाही येत’ म्हणून सुटका होत नाही, आणि अपमानही होत नाही.

सगळ्यात कामाचं साधन म्हणजे पाटी. दगडी असो, पत्र्याची असो, नाहीतर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात पांढरा पुठ्ठा घालून केलेली. पाकिटावर व्हाइटबोर्डचा पेन आणि पुसायला जुन्या मोज्याचा तुकडा. प्रश्न विचारायचा, २० ते ३० सेकंद द्यायचे, पाटी छातीशी उलटी धरायची, आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर. एकदम हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर अर्धा वर्ग पुढच्या बाकावरचं बघून लिहितो.

प्रश्न असा निवडा की चुकीचं उत्तरही काहीतरी सांगून जाईल. ‘०.३५ आणि ०.८, मोठी संख्या कोणती?’ हा तसा प्रश्न आहे. ०.३५ लिहिणारी मुलं ३५ आणि ८ यांची तुलना करताहेत, म्हणजे दशांश चिन्हानंतरचे अंक त्यांना पूर्ण संख्येसारखे दिसतात. ‘१/२ + १/३’ला २/५ लिहिणारी मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवताहेत. याउलट ‘०.३ + ०.४ किती?’ या प्रश्नाचं उत्तर दशांश न समजताही बरोबर येतं, त्यातून तुम्हाला काही कळत नाही.

४० पाट्या बघून काय करायचं ते आधी ठरवलेलं असावं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून शेजाऱ्याशी चर्चा करून शिकण्याची जी पद्धत वापरत आले, तिच्यातलं बरोबर उत्तरांचं गणित शाळेतही चालतं. बरोबर उत्तरं २८ च्या वर असतील तर पुढे जा आणि चुकलेल्यांची नावं फेरीसाठी लक्षात ठेवा. १२ ते २८ च्या दरम्यान असतील तर बरोबर कोणतं ते सांगू नका. ‘वेगळं उत्तर असलेला शेजारी शोधा, दोन मिनिटांत पटवून द्या’ म्हणा, आणि पुन्हा पाटी दाखवायला सांगा. १२ पेक्षा कमी असतील तर चर्चेत अज्ञानाचीच देवाणघेवाण होते, तेव्हा स्वतः पुन्हा शिकवा आणि वेगळ्या साधनाने. दशांशाला पैशांचं उदाहरण द्यायची सवय आहे, पण आताच्या मुलांनी ३५ पैसे कधी पाहिलेलेच नाहीत. मीटरची टेप घ्या, ०.८ मीटरवर एकाला आणि ०.३५ मीटरवर दुसऱ्याला बोट ठेवायला सांगा.

जोडी आणि गट

जोडीकाम फसण्याचं मुख्य कारण म्हणजे आधी एकट्याने विचार करायला दिलेला नसतो. एक मिनिट एकट्याने लिहिणं, दोन मिनिटं जोडीत, मग वर्गात, असा क्रम पाळा. खिडकीकडचा ‘अ’, भिंतीकडचा ‘ब’. पहिलं मिनिट फक्त ‘अ’ बोलेल, ‘ब’ ऐकेल, मग उलट. वर्गासमोर सांगताना ‘ब’ने ‘अ’चं म्हणणं सांगायचं. त्यामुळे ऐकणं हेही काम होतं.

गट चारच मुलांचा ठेवा. सहा मुलांत दोन प्रवासी असतात. आणि गटाला असं काम द्या की ते एकट्याने पुरंच होणार नाही. ‘चर्चा करा’ हे काम नव्हे.

यासाठी इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेली तुकडेजोड पद्धत भूगोलाला छान बसते. समजा विषय महाराष्ट्रातल्या नद्या. चौघांच्या गटात एकाला गोदावरी, एकाला कृष्णा, एकाला भीमा, एकाला तापी. प्रत्येकाला फक्त आपल्या नदीचं अर्धं पान : उगम, वाहण्याची दिशा, जिल्हे, जायकवाडी, धोम, उजनी किंवा हतनूर यांपैकी आपलं धरण, शेवटी कुठे मिळते. मग सगळ्या गटांतले गोदावरीवाले एकत्र बसतात आणि आपलं पान पक्कं करतात. ४० मुलांत ते दहा होतात, म्हणून त्यांचे पाच-पाचचे दोन गट करा. १२ मिनिटांनी सगळे मूळ गटात परत येतात आणि प्रत्येक जण तीन-तीन मिनिटं आपली नदी शिकवतो. शेवटी असा प्रश्न द्या की चारही पानांशिवाय सुटणार नाही : ‘यांपैकी कोणती नदी दुसरीला जाऊन मिळते, आणि कोणती बाकीच्या तिघींच्या उलट दिशेला वाहते?’ भीमा कृष्णेला मिळते आणि तापी बाकीच्यांच्या उलट पश्चिमेला जाते, ही दोन्ही उत्तरं एकाच पानावरून एकट्याला मिळत नाहीत. याला जोडतासिका लागते. एका तासिकेत कोंबलं तर फक्त बाकं हलवणं होतं. वाचन कच्चं असलेल्या मुलाला पान आदल्या दिवशी घरी द्या.

बक्षिसं, शाबासकी आणि लाल शाई

उत्तराला चॉकलेट वाटणं थांबवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, स्केचपेनने चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना ‘चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी हीच मुलं मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता, नंतर अचानक प्रशस्तिपत्र दिलं, त्यांची आवड घटली नाही. घात झाला तो आधी कबूल केलेल्या बक्षिसाने, आणि तोही मुळात आवडणाऱ्या कामात. पाढे पक्के करणं, शुद्धलेखनाचा सराव अशा रुक्ष कामाला छोटंसं, कधीतरीच मिळणारं बक्षीस चालतं. फळ्यावर रोज चढणारा ताऱ्यांचा तक्ता मात्र नको. महिन्याच्या शेवटी तळाची दहा मुलं त्याच्याकडे बघणंच सोडून देतात.

शाबासकी कशाबद्दल ते सांगणारी हवी. ‘वा, हुशार!’ ऐकून पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला कळत नाही. ‘तू हातचा वर लिहून ठेवलास, म्हणून चूक कुठे झाली ते सापडलं’ हे कळतं. सोप्या कामाला भरमसाठ कौतुक केलं तर मूल त्याचा अर्थ ‘माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे’ असा लावतं. आठवी-नववीच्या मुलांना वर्गासमोरचं कौतुकही नको असतं, बाकाजवळ वाकून हळू सांगा.

वह्या तपासण्याचं बघू. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची नाही. गुण दिसले की शेरा वाचायचा राहतो, हे कुठल्याही शिक्षकाला पटेल. तेव्हा आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी तुमच्याकडे ठेवा, रोजच्या वहीत आकडा टाकू नका. शेरा दोन ओळींचा : काय नीट झालं आणि आता काय करायचं. ‘सुधारणा हवी’ हा शेरा नव्हे. ‘उदाहरण ३ मध्ये छेद समान कर आणि पुन्हा सोडव’ हा शेरा. वही परत दिल्यावर वर्गातच पाच मिनिटं ते करायला द्या, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही. असा एक शेरा लिहायला दोन मिनिटं लागतात, म्हणजे ४० वह्यांना ८० मिनिटं. रोज ते शक्य नाही. रोज आठ वह्या नीट बघा, पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. बाकीच्या वह्या मुलं आपसात तपासतील.

उपयोग कसा दाखवायचा

‘पुढे कामी येईल’ याला बारा वर्षांचं मूल भुलत नाही. आत्ता, इथे, हाताशी असलेलं काहीतरी घ्या. क्षेत्रफळाला गुंठा घ्या. ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. मैदानावर सुतळी आणि चार खुंट्यांनी तो आखायला एका गटाला दहा मिनिटं लागतात. मग शाळेचं मैदान किती गुंठे, याचा आधी डोळ्यांनी अंदाज पाटीवर, नंतर मोजणी. ४० गुंठ्यांचा एकर करून ४३,५६० हा आकडा मुलं स्वतः काढतात. शेतकऱ्यांची मुलं बरीच असतील तर घरच्या सातबाऱ्यावरचं हेक्टर-आरमधलं क्षेत्र गुंठ्यांत आणायला लावा (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान). ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांचा विचार करून शाळेचाच एक नमुना सगळ्यांना द्या. एसटीच्या वेळापत्रकावरून वेळेची वजाबाकी, विजेच्या बिलावरून युनिट, आठवडी बाजारातल्या भावांवरून नफा-तोटा, अशी प्रत्येक घटकाला एक वस्तू सापडते. पण प्रत्येक तासिकेला नको. संदर्भाच्या गर्दीत गणितच हरवतं.

निवडही थोडीच द्या. ‘दहापैकी कोणतीही सहा’, ‘निबंध किंवा पत्र’, ‘आधी आकृती की आधी उत्तर’. दोन-तीन पर्याय पुरतात. मोकळं सोडून ‘तुम्हाला हवा तो प्रकल्प करा’ म्हटलं की कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा धंदा होतो. पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडने ‘दीक्षा’ ॲपवरचा व्हिडिओ लावणार असाल तर तीनच मिनिटं लावा, मध्ये थांबवा, आणि ‘पुढे काय होईल?’ ते पाटीवर लिहून घ्या. पूर्ण व्हिडिओ लावून देणं म्हणजे पुन्हा ‘लक्षपूर्वक ऐकतील’.

पहिल्या तीन आठवड्यांत काय बिघडतं

आवाज वाढतो. शेजारच्या वर्गातून तक्रार येण्याआधी शांततेची खूण शिकवा. तुम्ही हात वर करायचा, बघणाऱ्याने बोलणं थांबवून हात वर करायचा, पाच आकड्यांत वर्ग शांत. पहिल्या दिवशी याचा तीन-चार वेळा नुसता सराव घ्या, वेळ मोजून. खूण केल्यावर त्यावर ओरडू नका, नाहीतर मुलं ओरडण्याचीच वाट बघतात. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा की काही तासिकांना वर्गातून आवाज येईल.

पुढची मुलं लवकर संपवतात आणि इतरांना त्रास देतात. त्यांना तसलीच आणखी दहा उदाहरणं देणं ही शिक्षा वाटते. त्याऐवजी उलटं काम द्या : ‘उत्तर ३/४ येईल अशी तीन वेगळी शाब्दिक उदाहरणं तयार कर’, ‘या सोडवलेल्या उदाहरणातली चूक शोध’. त्यांना ‘छोटे शिक्षक’ करून सतत दुसऱ्यांना शिकवायला लावणं सोयीचं असतं, पण आठवड्यातून एखाद-दोनदाच. त्यांचंही शिकणं आहे.

अभ्यासक्रम मागे पडतोय असं वाटतं, आणि इथेच बहुतेक जण जुन्या रीतीवर परत जातात. वेळ शोधायचा असेल तर स्वाध्यायाची प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देणं बंद करा. एका धड्याला त्यात दीड-दोन तासिका सहज जातात, आणि तीच उत्तरं गाईडमध्ये छापलेली असतात. पाच प्रश्नांपैकी दोन वर्गात जोडीने लिहवून घ्या, दोन घरी, एक सोडून द्या.

पाट्या, काड्या, चिठ्ठ्या, गट हे सगळं एका सोमवारी सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त प्रश्नानंतर थांबणं आणि सुरुवातीचे तीन प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात पाटी, तीही एकाच विषयाला. तिसऱ्यात जाता जाता चिठ्ठी. जोडीकाम चौथ्यात. तुकडेजोड दिवाळीनंतर, मुलांना जोडीत ऐकायची सवय लागल्यावर. चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्याच सहकाऱ्याला त्याच बाकावर बसवा, तीच सहा मुलं, तेच ४२ चौकोन. ‘कधीच न बोलणाऱ्या’ दोघांच्या ओळीत सातपैकी तीन बरोबरच्या खुणा आल्या तर रीत लागू पडते आहे. खुणा वाढल्या पण चिठ्ठ्यांवरची उत्तरं चुकतच राहिली, तर मुलं काम करताहेत पण कामाची पातळी चुकली आहे. अशा वेळी पाच प्रश्नांची चिठ्ठी पुन्हा द्या, या खेपेला आणखी एक इयत्ता खाली जाऊन.